बेरीज कुणी केलीच नाही

हार्ट अटॅक येतो तेव्हा बहुतेक वेळा हृदयाला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने बंद झालेली असते. मग गुठळी विरघळवणारं औषध द्यायचं, इतकं साधं. पण हे औषध सर्रास वापरात यायला पन्नासहून जास्त वर्षं गेली.

१९३३ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम टिलेट यांना दिसलं, की स्ट्रेप्टोकोकस नावाचे जंतू रक्ताची गुठळी विरघळवतात. त्यातूनच पुढे स्ट्रेप्टोकायनेज आलं. १९५८ मध्ये सॉल शेरी आणि सहकाऱ्यांनी ते हार्ट अटॅकच्या रुग्णांना दिलं. मग देशोदेशी चाचण्या झाल्या, पण बहुतेक छोट्या. कुणाला फायदा दिसे, कुणाला नाही. रक्तस्रावाची भीती होतीच. शिवाय गुठळी हे अटॅकचं कारण की परिणाम, यावरच तज्ज्ञांचं एकमत नव्हतं.

हा वाद १९८० मध्ये मिटत आला. मार्कस डीवुड यांनी अटॅकनंतर चार तासांच्या आत १२६ रुग्णांची अँजिओग्राफी केली. त्यातल्या ११० जणांची धमनी पूर्ण बंद होती. १९८६ मध्ये इटलीतल्या 'जिस्सी' चाचणीने सुमारे बारा हजार रुग्णांवर दाखवलं, की स्ट्रेप्टोकायनेजने मृत्यूचं प्रमाण १३ वरून १०.७ टक्क्यांवर येतं. १९८८ च्या 'आयसिस-२' चाचणीत १७,१८७ रुग्ण होते. सोबत साधी अ‍ॅस्पिरिन दिली, तर १३.२ टक्क्यांचे ८ टक्के झाले.

खरा धक्का १९९२ मध्ये बसला. जोसेफ लाऊ आणि सहकाऱ्यांनी १९५९ ते १९८८ मधल्या ३३ चाचण्या सालवार मांडल्या आणि एकेक मिळवत गेले. १९७३ पर्यंतच्या फक्त आठ चाचण्या, २,४३२ रुग्ण, आणि औषध जीव वाचवतं हे आकड्यांत स्पष्ट होतं! पुढच्या २५ चाचण्यांत आणखी ३४,५४२ रुग्ण आले. उत्तर जवळपास तेच राहिलं, फक्त खात्री वाढली.

त्या काळी अशी बेरीज करायची पद्धत रुळलेली नव्हती, हे खरं. पण त्यासाठी सुपरकॉम्प्युटर लागत नव्हता. आम्ही सॉफ्टवेअरवाले डेटा कमी पडला म्हणून कुरकुरतो. इथे डेटा छापून आलेला होता, फक्त वेगवेगळ्या जर्नल्समध्ये विखुरलेला. दरम्यान चाचण्यांमधल्या हजारो रुग्णांच्या वाट्याला हे औषध आलं नाही. चाचण्यांबाहेर तर ते फारसं कुणाला मिळतच नव्हतं.

१९९३ मध्ये ब्रिटनमध्ये कॉक्रेन संस्था उभी राहिली. जगभरच्या चाचण्या गोळा करून त्यांची बेरीज करत राहणं, हेच तिचं काम.