पंधरा नावांची यादी आणि एक टाळलेला प्रश्न

3 सप्टेंबर 1949 या एकाच दिवशी न्यूझीलंड रग्बीचे दोन कसोटी सामने खेळले आणि दोन्ही हरले. दुपारी वेलिंग्टनच्या ॲथलेटिक पार्कवर ऑस्ट्रेलियाने त्यांना 11-6 असे हरवले. काही तासांनी दरबानमध्ये दक्षिण आफ्रिकेनेही 9-3 अशी मात केली. कागदोपत्री दरबानला खेळलेला संघ पहिल्या फळीचा, तर वेलिंग्टनला खेळलेले सगळे उरलेले. पण या उरलेल्यांचा कर्णधार होता जॉनी स्मिथ, देशातल्या अव्वल सेंटर खेळाडूंपैकी एक. स्क्रमच्या, म्हणजे चेंडूसाठी एकमेकांना रेटणाऱ्या खेळाडूंच्या घोळक्याच्या, मागून चेंडू उचलून बॅक खेळाडूंकडे पोचवणारा स्क्रम-हाफ होता विन्स बेव्हन. दोघेही धडधाकट होते. तरी त्यांना आफ्रिकेला नेले नव्हते, कारण दोघेही माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, वंशाचे होते.

ज्या देशात संघनिवडीवरून घरोघरी वाद होत, तिथे हे घडले. न्यूझीलंडची रग्बी युनियन 1892 ची. उत्तर बेट विरुद्ध दक्षिण बेट हा सामना 1897 पासून खेळला जाई आणि त्यावरून राष्ट्रीय संघाचा अंदाज बांधला जाई. पुढे ‘प्रोबेबल्स’ आणि ‘पॉसिबल्स’ असे दोन चमू करून निवडचाचणी होऊ लागली. चाचणी संपली की यादी रेडिओवर वाचली जाई आणि आपली निवड झाल्याचे कित्येक खेळाडूंना तिथूनच कळे. मग सुरू होई ओढाताण. ओटागोचे लोक म्हणत ऑकलंडवाल्यांचे लाड होतात. ऑकलंडवाले म्हणत दक्षिणेचा कोटा भरलाय. गावाकडच्यांची तक्रार अशी, की समितीला डांबरी रस्त्याच्या पुढे कोणी दिसतच नाही. ज्या प्रांताकडे रॅनफर्ली शील्ड ही प्रांतांमधली मानाची ढाल असे, त्याला तर आपले निम्मे गडी देशाच्या संघात हवे असत.

हा वाद घड्याळाशी बांधलेला होता. 1917 ते 1967 अशी पन्नास वर्षे तिथले पब कायद्याने संध्याकाळी सहाला बंद होत. शनिवारचा सामना दुपारी उशिरा संपे, त्यामुळे पिण्याला आणि भांडणाला मिळून जेमतेम तासभर मिळे. बारपाशी रेटारेटी करत, एका हातात ग्लास धरून, प्रॉप कोण असावा आणि फुलबॅक कोण, याचा फैसला त्या तासात करायचा आणि सहाच्या ठोक्याला बाहेर पडायचे.

भांडायला कारणही तसेच होते. 1968 पूर्वी कसोटी सामन्यात बदली खेळाडू घेता येत नसे. कोणाची बरगडी मोडली, तर उरलेल्या चौदांनी खिंड लढवायची. चुकीचा माणूस निवडला की ती चूक ऐंशी मिनिटे डोळ्यांदेखत मैदानात वावरे.

मात्र दक्षिण आफ्रिकेचा विषय निघाला, की वेगळाच नियम लागू होई: गोऱ्यांखेरीज कोणाला न्यायचे नाही. त्याचा पहिला ठळक बळी ठरलेल्या खेळाडूच्या नावात हिंदुस्थानातले एक नाव आहे. नॅथॅनिएल विल्सन हा 1908 ते 1914 या काळात न्यूझीलंडकडून खेळलेला फॉरवर्ड. त्याच्या आईवडिलांकडून आलेला वारसा इंग्लिश आणि वेस्ट इंडियन. सावळ्या वर्णामुळे दोस्तांनी त्याला ‘रणजी’ म्हणायला सुरुवात केली, थेट रणजितसिंहांवरून. ज्यांच्या नावाच्या करंडकावर पुढे मुंबईने वर्षानुवर्षे हक्क सांगितला, तेच हे रणजी. पहिले महायुद्ध संपल्यावर न्यूझीलंडच्या लष्करी संघाने 1919 मध्ये दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला. यजमानांना गोरेच खेळाडू हवे होते, म्हणून रणजी विल्सनला वगळूनच संघ खेळला. हाच विल्सन 1924-25 मध्ये न्यूझीलंडच्या निवडसमितीवर होता.

1924 च्या ब्रिटन-फ्रान्स दौऱ्यावर एकोणीस वर्षांचा माओरी फुलबॅक जॉर्ज नेपिया गेला आणि तिथला प्रत्येक सामना खेळला. संघ एकदाही हरला नाही आणि ‘इन्व्हिन्सिबल्स’ म्हणजे ‘अजिंक्य’ या नावाने अजरामर झाला. चार वर्षांनी दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्याची यादी लागली, तेव्हा नेपियाचे नाव त्यात नव्हते. त्याच संघातला स्क्रम-हाफ जिमी मिलही नव्हता. मालिका 2-2 अशी बरोबरीत सुटली.

एकवीस वर्षांनंतर, 1949 मध्ये, याच धोरणाचे माप पदरात पडले. आफ्रिकेत चारही कसोट्या हातच्या गेल्या. केपटाउनच्या पहिल्या सामन्यात ओके गेफिनने एकट्याने पाच पेनल्टी गोल केले. न्यूझीलंडला नडली ती मुख्यतः स्क्रम-हाफची जागा, आणि त्या जागेचा माणूस घरी बसवलेला. इकडे ऑस्ट्रेलियानेही दोन्ही कसोट्या जिंकून या दोन देशांमधला ब्लेडिस्लो करंडक नेला. एका मोसमात सहा कसोट्या, सहा पराभव.

या अपमानाची भरपाई करण्याची संधी 1956 मध्ये आली. स्प्रिंगबॉक, म्हणजे दक्षिण आफ्रिकेचे खेळाडू, स्वतः न्यूझीलंडमध्ये येणार होते आणि देशाला दुसरे काही सुचत नव्हते. 9 जूनला हॅमिल्टनमध्ये वायकाटो प्रांताने पाहुण्यांना 14-10 असे हरवले आणि वायकाटोचा धिप्पाड फुलबॅक डॉन क्लार्क याच्या नावाचा धोशा सुरू झाला. समितीने पहिल्या दोन कसोट्यांत त्याला घेतले नाही. ड्युनेडिनची कसोटी न्यूझीलंडने 10-6 अशी जिंकली, वेलिंग्टनची आफ्रिकेने 8-3 अशी. त्याहून वाईट म्हणजे स्क्रमच्या पहिल्या ओळीत आफ्रिकेच्या यॉप बेकर आणि क्रिस कॉख या प्रॉपनी यजमानांना पार चेपून काढले होते. पहिल्याच सामन्यात मार्क अर्विनच्या बरगड्यांना मार बसला.

आता वादाला तोंड फुटले. निवृत्त झालेल्या केव्हिन स्किनरला परत बोलवा, ही मागणी जोर धरू लागली. स्किनर एकेकाळचा देशाचा हेवीवेट मुष्टियुद्ध विजेता, त्यामुळे त्याला नेमके कशासाठी बोलवायचे हे कोणी फोड करून सांगायची गरज नव्हती. टॉम मॉरिसन यांच्या निवडसमितीने शेवटी पत्ते पिसले. स्किनर आला, डॉन क्लार्क आला, नॉर्थ ऑकलंडचा दांडगा फॉरवर्ड पीटर जोन्सही आला.

18 ऑगस्टला क्राइस्टचर्चच्या लँकेस्टर पार्कवर तिसरी कसोटी झाली. स्किनर आधी कॉखसमोर उभा राहिला. मग आपल्या बाजूचा दुसरा प्रॉप इयन क्लार्क याच्याशी जागा बदलून बेकरसमोर गेला. गुद्दे चालले, आणि दोन्हीकडची भीड चेपली. त्यात किती गुद्दे स्किनरचे होते आणि स्क्रम खरोखर त्यानेच सुधारला का, यावर पुढे पन्नास वर्षे चर्चा झाली. न्यूझीलंड 17-10 असे जिंकले. त्यात डॉन क्लार्कच्या बुटाचे आठ गुण होते. 1 सप्टेंबरला ऑकलंडच्या ईडन पार्कवर 11-5 अशा विजयाने मालिका 3-1 अशी खिशात आली. त्या सामन्यात ट्राय करणाऱ्या जोन्सपुढे शेवटी मायक्रोफोन धरला, तेव्हा आपण किती थकलोय हे त्याने चारचौघांत न उच्चारण्याजोग्या शब्दांत देशभर सांगून टाकले. प्रेक्षक खूश झाले.

लोकांनी आवाज उठवला आणि समितीने संघ बदलला, हे सगळ्यांनी पाहिले. म्हणूनच 1960 च्या आफ्रिका दौऱ्यासाठी माओरींना पुन्हा वगळणार, असे 1959 मध्ये जाहीर झाले, तेव्हा या वेळी प्रश्न एका जागेपुरता राहिला नाही. माओरी नाहीत तर दौराही नाही, अशी मोहीम उभी राहिली. वेलिंग्टनचे शल्यविशारद रोलंड ओ’रीगन तिच्या पुढाऱ्यांपैकी एक होते. दीड लाखाहून अधिक लोकांनी अर्जावर सह्या केल्या; तेव्हा देशाची लोकसंख्याच पंचवीस लाखांच्या आतबाहेर होती. डॉन क्लार्क की दुसरा कोणी, यावर समिती वाकली होती. इथे युनियन वाकली नाही. विल्सन व्हिनरेच्या नेतृत्वाखाली केवळ गोऱ्यांचा संघ गेला आणि मालिका हरून परतला.

पण दार किलकिले झाले होते. 1965 मध्ये दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फेरवुर्ट यांनी माओरी चालणार नाहीत असे पुन्हा बजावले आणि 1967 चा दौरा न्यूझीलंडने रद्द केला. 1970 मध्ये सिड गोइंग, बफ मिल्नर, ब्लेअर फर्लाँग हे माओरी खेळाडू आणि सामोअन वंशाचा ब्रायन विल्यम्स आफ्रिकेला गेले, पण ‘मानद गोरे’ असा शिक्का कपाळावर घेऊन. ज्यांना हा शिक्का अपमानाचा वाटला, त्यांनी मग संबंधच तोडा म्हणायला सुरुवात केली. 1976 च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यामुळे वीसहून अधिक आफ्रिकी देशांनी माँट्रियल ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला. 1981 मध्ये स्प्रिंगबॉक न्यूझीलंडला आले, तेव्हा त्यांच्याविरुद्ध खेळायला ग्रॅहॅम मौरीने नकार दिला. राष्ट्रीय संघाच्या कर्णधाराने स्वतःच आपले नाव यादीतून काढून घेतले. घरे फुटली, मैदानांभोवती काटेरी तारा लागल्या, हॅमिल्टनचा सामना निदर्शक मैदानात घुसल्याने रद्द झाला.

त्या वेळी देशाचे पोलीसमंत्री होते बेन काउच. हे स्वतः माओरी. 1947 आणि 1949 मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध देशाकडून खेळलेले आणि 1949 च्या आफ्रिका दौऱ्यातून वंशामुळे वगळलेले. 1981 च्या दौऱ्याला त्यांचा पाठिंबा होता. दौऱ्यावरून माओरींमध्येही एकमत नव्हते, हे त्यांच्याकडे पाहून कळते.

मे 2010 मध्ये न्यूझीलंड रग्बी युनियनने वगळलेल्या माओरी खेळाडूंची आणि त्यांच्या कुटुंबांची जाहीर माफी मागितली. दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघटनेनेही मागितली. रणजी विल्सन 1953 मध्ये वारला होता, जॉनी स्मिथ 1974 मध्ये, जॉर्ज नेपिया 1986 मध्ये आणि विन्स बेव्हन 1996 मध्ये.