उताराची कुळकथा

एखाद्या शोधाचे पितृत्व सांगायला माणसे एरवी हिरिरीने पुढे सरसावतात. शोध लहान असो की मोठा, ‘तो आमचाच’ म्हणणारे चार देश तरी निघतात. रोलर कोस्टरची गोष्ट मात्र अगदी उलटी आहे. फ्रेंच लोक त्याला ‘रशियन डोंगर’ म्हणतात. स्पेनमध्येही तेच नाव रूढ आहे. आणि खुद्द रशियात जाऊन विचारावे, तर तेथील पोरेसोरे त्याला ‘अमेरिकन टेकड्या’ म्हणतात! पैसे मोजून पोटात गोळा आणवून घेण्याचे हे खूळ आमचे नव्हे, शेजाऱ्याचे, असेच जणू प्रत्येकाला सांगायचे आहे.

या खुळाच्या कुळाची चौकशी करण्याची बुद्धी मला साठी उलटल्यावर झाली. त्याला कारण माझी नात. मुलगी-जावई अमेरिकेत, न्यू जर्सीला असतात. दोन उन्हाळ्यांमागे त्यांच्याकडे गेलो, तेव्हा या बारा वर्षांच्या पोरीने पहिल्याच संध्याकाळी माझी परीक्षा घेतली. आमच्या वेळी मुले गावसकरच्या शतकांचा हिशेब तोंडपाठ म्हणत, तशी ही निरनिराळ्या रोलर कोस्टरांची उंची आणि वेग धडाधड सांगत सुटली. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलेले. आकड्यांना भिणारा नव्हे. पण या आकड्यांपुढे मी गप्प झालो. शेवटी, न्यूयॉर्कमधल्या कोनी आयलंडवरची ‘सायक्लोन’ पाहू या, असे मी सुचवले. तिने नाक मुरडले. “आजोबा, ती फक्त ८५ फूट आहे! आणि १९२७ची!”

म्हातारीला कोणी नावे ठेवली की मला उगीचच तिची बाजू घ्यावीशी वाटते. मी पुस्तके धुंडाळू लागलो.

मूळ उगम बर्फात आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत रशियातल्या लोकांनी लाकडाचे सत्तर-ऐंशी फुटी मनोरे उभारले, त्यांच्या उतारावर पाणी ओतून ते गोठवले आणि घसरगाडीत बसून धापकन खाली येण्याची मौज सुरू केली. राणी कॅथरीनला हा नाद इतका, की पीटर्सबर्गजवळच्या ओरानियनबाउम येथे रिनाल्डी नावाच्या इटालियन स्थापत्यकाराने तिच्यासाठी खास घसरगुंडीचा महाल बांधला. त्यातला महाल अजून आहे, घसरगुंडी गेली. पुढे १८१७ मध्ये पॅरिसला दोन ठिकाणी ही मौज उतरली; पण पॅरिसमध्ये रशियासारखा बर्फ कोठून आणणार? म्हणून गाड्यांना चाके आली, आणि चाक निसटू नये म्हणून ते रुळाच्या खाचेत अडकवले गेले. हौसेला हवामान आडवे आले, की माणूस यंत्र शोधतो.

अमेरिकेतली कथा याहून निराळी, आणि मला जास्त आवडणारी. तेथे हा खेळ चक्क कोळशाच्या पोटी जन्माला आला. पेनसिल्व्हेनियात मॉक चंक नावाच्या गावी १८२७ मध्ये डोंगरावरचा कोळसा नदीकाठी आणण्यासाठी नऊ मैलांची उतरती रूळवाट बांधली होती. भरलेले डबे आपल्याच वजनाने खाली धावत. रिकामे डबे वर ओढून न्यायला खेचरे असत. ही खेचरे खाली येताना वेगळ्या डब्यात बसून येत. त्यांना त्या सफरीची अशी चटक लागली, की पुढे पायी उतरायचे नावच घेईनात, असे सांगतात. कोळसा दुसऱ्या मार्गाने जाऊ लागल्यावर खेचरांची ती मौज माणसांनी उचलली, आणि १८७० नंतर ही वाट प्रवाशांवरच चालू राहिली. जगातल्या पहिल्या शौकिनांत खेचरांची गणना करावी लागते. नातीला हे सांगितले तेव्हा ती प्रथमच हसली.

आता येतात लामार्कस थॉम्सन. हा गृहस्थ मोज्यांच्या धंद्यात सुखवस्तू झालेला आणि रविवारच्या शाळेत मुलांना धर्मपाठ देणारा. तरुण मंडळी गुत्त्यांत बसून बिघडतात, याची त्याला चिंता. आपल्याकडचा सुधारक असता तर त्याने व्याख्यानमाला काढली असती. याने १८८४च्या जूनमध्ये कोनी आयलंडच्या किनाऱ्यावर लाकडी चढउतारांची एक रूळवाट उभी केली. लांबी ६०० फूट, वेग ताशी सहा मैल, भाडे पाच सेंट. बसणाऱ्यांची तोंडे समोर नव्हे, बाजूला असत. समुद्र पाहावा, हवा खावी, एवढाच माफक हेतू. पलीकडच्या टोकाला सर्वांनी उतरायचे, डबा दुसऱ्या रुळावर ढकलायचा आणि परत फिरायचे. आज एखादा सायकलवालाही त्या गाडीला सहज मागे टाकील. पण लोकांनी रांगा लावल्या, आणि थॉम्सनचे भांडवल थोड्याच आठवड्यांत वसूल झाले. वर्षाच्या आतच प्रतिस्पर्ध्यांनी गोलाकार फेरा आणि डबा वर ओढणारी साखळी आणली. गुत्ते ओस पडल्याचे मात्र कोठे वाचनात आले नाही.

येथून पुढे धाडस शहाणपणाच्या पुढे धावू लागले. १८९५ मध्ये त्याच कोनी आयलंडवर ‘फ्लिप फ्लॅप’ नावाची गाडी आली. ती प्रवाशांना उभ्या वर्तुळातून, डोके खाली पाय वर करून, फिरवून आणी. वर्तुळ होते अवघे पंचवीस फूट व्यासाचे, आणि अगदी नेमके गोल. घोटाळा नेमका तेथेच होता. सपाटीवरून धावत आलेली गाडी नेमक्या वर्तुळात शिरते, त्या क्षणी वळण शून्यावरून एकदम पुरते होते. वेगही तेथेच सर्वांत जास्त. त्यामुळे माणसाचे वजन क्षणभर दहा-बारा पटींनी वाढल्यासारखे होते, आणि मान आखडल्याशिवाय राहत नाही. १९०१ मध्ये एडविन प्रेस्कॉटने लंबगोल फेऱ्याची गाडी आणून हा जाच बराच कमी केला. पण तोवर लोकांनी धसका घेतला होता. बसणाऱ्यांपेक्षा पैसे देऊन बाहेरून पाहणारेच जास्त! दहाएक वर्षांत तीही बंद पडली.

या कोड्याचे खरे उत्तर यायला १९७६ साल उजाडावे लागले. जर्मनीचे अँटोन श्वार्झकोफ आणि त्यांचे अभियंते वेर्नर श्टेंगेल यांनी कॅलिफोर्नियात ‘रेव्होल्यूशन’ बांधली. तिचा फेरा गोल नाही. पाण्याचा थेंब उभा धरावा तसा आहे. खाली वळण सैल, वर जाईल तसतसे घट्ट. वेग जास्त तेथे वळण कमी, वेग कमी तेथे वळण जास्त. रेल्वेचे अभियंते सरळ रूळ वळणाला जोडताना याच जातीची वक्ररेषा कितीतरी आधीपासून वापरत होते. गणिताचा मास्तर म्हणून सांगतो, पन्नास मिनिटांच्या तासात मी इतकी देखणी आकृती फळ्यावर कधी काढू शकलो नाही.

पण माझ्या मते या कुळाचा खरा कर्ता पुरुष जॉन मिलर. त्याच्या नावावर शंभराच्या वर पेटंटे आहेत. साखळीने गाडी वर चढताना जो खटखट आवाज येतो, तो त्याच्या खटक्याचा. साखळी तुटलीच तर गाडी दात्यात अडकून जागच्या जागी थांबते, मागे घसरत नाही. ज्या आवाजाने आपली छाती धडधडते, तोच आवाज आपल्याला सांभाळत असतो. दुसरी युक्ती म्हणजे रुळाच्या खालून धरणारी चाके. वर धावणारी चाके, बाजूला टेकणारी आणि खालून आवळणारी, अशा तीन जोड्यांत रूळ पकडला, की गाडी उडून जाणे शक्यच नाही. तोवर गाडी रुळावर राही ती केवळ वजनाने. म्हणून उतारही बेताचेच ठेवावे लागत. मिलरचे १९१९चे हे चाक आले, आणि चढाच्या माथ्यावर गाडी रुळाला धरून राहते पण माणूस बाकावरून उचलला जातो, हा चमत्कार शक्य झाला. धोका काढून घेतला तेव्हाच भीती पुरती मोकळी सुटली.

त्यानंतरचे दशक म्हणजे भरभराटीचे. ट्रॅम कंपन्यांनी रविवारी डबे भरावेत म्हणून मार्गाच्या शेवटच्या टोकाला उद्याने काढली होती. तेथे तेथे हे लाकडी डोंगर उभे राहिले. अमेरिकेत हजाराहून अधिक होते असे मानतात. मग मंदी आली, युद्ध आले, मोटारी आल्या, ट्रॅम गेल्या. १९६०च्या सुमारास दोनशेही उरले नव्हते. सायक्लोनवरही कुऱ्हाड येत होती: शेजारच्या मत्स्यालयाला जागा हवी होती. लोकांनी चळवळ केली, डागडुजी झाली, १९७५ मध्ये ती पुन्हा धावू लागली आणि १९८८ मध्ये न्यूयॉर्क शहराने तिला संरक्षित वास्तू ठरवले. आपल्याकडे वाडे पडताना पाहणाऱ्या माणसाला याचा हेवा वाटतो.

१९५९ मध्ये डिस्नेलँडच्या ‘मॅटरहॉर्न’ने पोलादी नळ्यांचे रूळ आणले, आणि उंचीची शर्यत पुढे त्या पोलादावरच खेळली गेली. १९८९ मध्ये २०५ फूट, २००० मध्ये ३१०, २००३ मध्ये ४२०, आणि २००५ मध्ये न्यू जर्सीत ‘किंगडा का’ ४५६ फूट! हिला साखळी नव्हती. द्रवदाबाच्या यंत्राने साडेतीन सेकंदांत तिला ताशी १२८ मैलांवर फेकले जाई. २०१० मध्ये अबू धाबीच्या ‘फॉर्म्युला रोसा’ने ताशी २४० किलोमीटर गाठले. माझी नात जिची महती गाई ती किंगडा काच. पण एक सरळ चढ, एक सरळ उतार, अर्ध्या-पाऊण मिनिटात खेळ खलास. आणि ती यंत्रणा जपणे अवघड. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी सुरुंग लावून ती पाडण्यात आली. वीस वर्षांचे आयुष्य. नातीने मला पाडण्याचे चित्रण फोनवर पाठवले. खाली एक अक्षर लिहिले नव्हते.

नव्या पिढीचे कारागीर उंचीइतकेच वळणाकडेही लक्ष देऊ लागले आहेत. आयडाहोतल्या एका कंपनीने जुन्या लाकडी सांगाड्यावर पोलादी रूळ बसवण्याची तऱ्हा काढली. टेक्सासची १९९०ची ‘टेक्सास जायंट’ २०११ मध्ये अशी कात टाकून आली. ओहायोची १९९१ची ‘मीन स्ट्रीक’ २०१८ मध्ये ‘स्टील व्हेंजन्स’ झाली. द्रवदाबाची जागा विद्युत्-चुंबकांनी घेतली आहे. थांबवायलाही चुंबकच, आणि ते ब्रेक वीज गेली तरी चालतात. मुंबईकरांच्या एका पिढीने हा गोळा गोराईच्या एस्सेलवर्ल्डमध्ये, १९८९ ते २०२२ या काळात अनुभवला. खोपोलीजवळ २०१३ मध्ये ‘नायट्रो’ आली, तिच्यात पायाखाली फळीच नाही. मी तिच्यात बसलो नाही. एवढे शौर्य एका आयुष्याला पुरे.

कारण त्या उन्हाळ्यात मी सायक्लोनमध्ये बसलो होतो! चष्मा खिशात घातला, दांडा मांडीवर आला, आणि मिलरचा तो खटखट आवाज सुरू झाला. डावीकडे समुद्र, खाली माणसे मुंग्यांएवढी. सांगाडा पोलादी आहे, रूळ लाकडी. सारे करकरत होते. नात म्हणाली, “आजोबा, भीती वाटते?” मी तिला उताराचा कोन सांगू लागलो, अठ्ठावन्न अंशांहून जास्त आहे म्हणून, आणि वाक्य पुरे होण्याआधीच आम्ही माथ्यावरून खाली गेलो. पुढचे पावणेदोन मिनिट मी गणित, इतिहास आणि माझे वय, तिन्ही विसरलो. एकंदर बारा उतार आहेत म्हणतात. मी तीन मोजले.

गाडी थांबली. पोरीचे केस विस्कटलेले, ओठ कोरडे.

“आजोबा,” ती म्हणाली, “खरंच ८५च फूट?”

मी खिशात चष्मा चाचपला, होता. ती तोवर पुन्हा तिकिटाच्या खिडकीकडे निघाली होती.