कसणाऱ्याचे नाव आणि भाताचा बांध



स्मरणिकेसाठी जुन्या गोष्टींवर चार शब्द लिहावेत, अशी समितीची आज्ञा झाली. मी तालुका कचेरीतील साधा कारकून. सातबारा आणि फेरफार यांतच दिवस गेले, म्हणून जमिनीविषयीच लिहितो.

आपले कुपवाड मूळचे ज्वारीचे. जिल्ह्यात भाताचे आगर म्हणजे शिराळा तालुका. तेथे पावसाआधी कोरड्या मातीत भात पेरतात, तीच धूळवाफ पेरणी. पण भाताला नुसता पाऊस पुरत नाही. बांध धरावा लागतो, वाफा सपाट करावा लागतो, शेणखत ओढावे लागते. या कष्टाचे फळ एका साली पदरात पडत नाही. पुढच्या साली जमीन आपल्याकडे राहील याची खात्री नाही आणि राशीतला अर्धा वाटा मालकाच्या घरी जाणार, तर कुळाने बांध कशासाठी घालावा? अर्धेलीची जमीन हलकी राहिली, त्यात कसणाऱ्याचा आळस नव्हता.

संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ साली आपला दक्षिण सातारा जिल्हा झाला. सांगली हे नाव १९६० सालचे. १९४८ च्या कुळकायद्याने खंडास मर्यादा घातली : जिरायतीस पिकाचा तिसरा हिस्सा, बागायतीस चौथा. १९५२ साली तो सहाव्या हिश्श्यावर आला. पुढे १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. त्या दिवशी कायद्याने कूळ मालक मानले गेले. किंमत आकाराच्या २० ते २०० पटीत, तीही हप्त्यांनी फेडायची.

पण कायदा झाला म्हणून सर्वांचे भले झाले नाही. दांडेकर व खुदानपूर यांची पाहणी १९५७ साली प्रसिद्ध झाली. कायद्यानंतरही मालक जमिनी काढून घेत होते, कुळे बदलत होती, असे तीत दिसले. आमच्या टेबलापुढे एकदा एक वृद्ध गृहस्थ आले होते. त्यांच्या वडिलांनी भीडेपोटी ‘राजीखुशीने’ जमीन सोडल्याच्या कागदावर अंगठा दिला होता. ते म्हणाले, “साहेब, बांध आमच्या आज्याचा, नाव दुसऱ्याचं.” मला उत्तर सुचले नाही.

देवस्थान व सार्वजनिक न्यासांपैकी ज्यांनी अटी पाळून सुटीचा दाखला घेतला, त्यांच्या जमिनीवरील कुळे अशी मालक झाली नाहीत. देवाच्या जमिनीत घाम गाळणाऱ्यांचीही आठवण या प्रसंगी ठेवावी.

पश्चिम बंगालमध्ये १९७८ पासून भातकरी बटाईदारांची नावे सरकारदप्तरी लावली. ते मालक झाले नाहीत, पण त्यांना काढणे अवघड झाले व त्यांचा वाटा वाढला. भाताचे उत्पन्नही वाढले, असे पुढे अभ्यासकांनी दाखविले.

आज आपल्या शिवारात कारखाने व प्लॉट झाले. जमिनीचा भाव वाढला, तशी कागदाची किंमतही वाढली. म्हणून हात जोडून विनंती, की ३२-म चे प्रमाणपत्र घरात असेल तर जपून ठेवा. त्यास दहा वर्षे झाली असतील, तर २०१४ च्या दुरुस्तीप्रमाणे आकाराच्या ४० पट नजराणा भरून विक्रीस परवानगीची अट राहत नाही. वारसांची नोंद वेळेवर करा, त्यात लेकीबाळींची नावे गाळू नका. वाडवडिलांनी बांध घातला; त्यावरचे नाव राखणे आपल्या हाती आहे.