गिअरबॉक्सचे तेल आणि मोटारदुरुस्तीचा अलिखित इतिहास

भारतीय मोटार उद्योगाचा इतिहास बहुधा उत्पादनाच्या अंगाने लिहिला जातो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली, पुढे इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने '११००' ही मोटार तेथे तयार होऊ लागली व १९७०च्या दशकात तिला 'पद्मिनी' हे नाव मिळाले, हा तपशील परिचित आहे. मात्र कारखान्याबाहेर पडलेली गाडी पुढे दोन-दोन दशके कोणी चालती ठेवली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

परवाना-नियंत्रणाच्या काळात नव्या मोटारीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. जुनी गाडी टिकवण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्यातूनच कुर्ला-घाटकोपर परिसरात गॅरेज व सुट्या भागांच्या दुकानांतून एक कारागिरी रुजली. गिअरबॉक्सचे तेल बदलणे हे त्यातील अगदी साधे काम. पण ते बरेच काही सांगून जाते.

इंजिनातील तेल ज्वलनाच्या काजळीने काळे पडते व बदलण्याची आठवण करून देते. गिअरबॉक्समध्ये ज्वलन नसते. तेथील तेलात दात्यांच्या झिजेचा बारीक कीस साचतो, जुन्या सीलमधून ते थेंबथेंब गळते, आणि चालकाला पत्ता लागतो तो गिअर करकरू लागल्यावर. म्हणून हे काम वेळच्या वेळी करणे हा शिस्तीचा भाग होता. गाडी थोडी फिरवून तेल गरम करायचे, म्हणजे ते कीस घेऊन पूर्ण निथळते. तळाचा प्लग काढण्याआधी बाजूचा, तेल भरण्याचा प्लग सैल करून पाहायचा; तो गंजून अडकला असेल तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसण्याची वेळ येते. नवे तेल बाजूच्या छिद्राच्या कडेपर्यंत भरायचे, तेही गाडी सपाट जागी असताना. केवळ पुढची चाके उचलली, तर पातळी फसवी दिसते. 'नव्वद नंबर'चे तेल घेतानाही सावधगिरी लागे, कारण अतिदाबासाठीची काही गंधकयुक्त मिश्रणे सिंक्रो रिंगच्या तांबेयुक्त धातूला मारक ठरतात. हे ज्ञान उस्तादाकडून पोऱ्याकडे हातोहात गेले. त्याचे दप्तर कोणी ठेवले नाही.

या कौशल्याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. काढलेले तेल अनेकदा गटारात आणि तेथून मिठी नदीत गेले. १९८९च्या नियमांनी टाकाऊ तेल घातक कचऱ्यात गणले, तरी लहान गॅरेजपर्यंत तो नियम क्वचितच पोहोचला.

उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर २०००च्या दशकात जुन्या टॅक्सी सीएनजीवर आणल्या गेल्या. इंधन बदलले, गिअरबॉक्स व त्याची निगा तशीच राहिली. पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या आरंभीच थांबले होते. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात झाली आणि वीस वर्षांच्या मर्यादेनुसार ३० ऑक्टोबर २०२३ पासून तिचा व्यवसाय बंद झाला. वय मोजले गेले ते नोंदणीच्या तारखेवरून. गिअरबॉक्सची स्थिती हा निकष नव्हता.