आवाज येतोय का?

परवा रात्री ताईला व्हिडिओ कॉल लावला. ती लंडनला, मी दिघीत. पाच मिनिटं दोघंही "आवाज येतोय का?" एवढंच ओरडत होतो. शेवटी वैतागून मीच फोन ठेवला.

खरं तर आमच्या भागाला लंडनशी बोलायची सवय फार जुनी. २३ जुलै १९२७ ला भारत-ब्रिटन बीम वायरलेस सुरू झाली, तेव्हा इकडचं प्रक्षेपण केंद्र होतं आमच्या शेजारी, खडकीला. शॉर्टवेव्हचा झोत सरळ इंग्लंडच्या दिशेने सोडायचा. आणि गंमत बघा, तिकडून येणारे संदेश मात्र खडकीत घ्यायचेच नाहीत. ते घ्यायचे दौंडला! कारण साधं. स्वतःचा ट्रान्समीटर कानाशी गर्जत असताना सातासमुद्रापलीकडचा क्षीण सिग्नल ऐकू कसा येणार? इंजिनिअरिंगला हे शिकलो होतो म्हणे :)

पुढे हे परदेशी दळणवळणाचं काम १९८६ मध्ये व्हीएसएनएलकडे आलं. दिघीत त्यांची शेकडो एकर जागा होती. याच व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्या जागेवरून मी रोज जातो, मान खाली, मोबाईलमध्ये.

तारेला शब्दागणिक पैसे पडायचे, त्यामुळे लोक मोजून लिहीत. आता फुकट आहे, म्हणून मी ताईला दिवसभर फॉरवर्ड पाठवत असतो. असो.

फोन ठेवल्यावर तासाभराने तिचा मेसेज आला. पाचच शब्द.

"नोकरी गेली. आईला सांगू नकोस."