संत सोमवाराचा उत्सव

पंचांगांत छापलेले सण व सरकारनें जाहीर केलेल्या सुट्ट्या यांखेरीज प्रत्येक समाजांत कांहीं दिवस असे असतात कीं, ज्यांस धर्माची आज्ञा नसते आणि राजाची मुद्राही नसते. लोक ते आपल्या मनानें पाळतात. इंग्लंडांतील ‘संत सोमवार’ हा असाच एक दिवस होय. ख्रिस्ती संतमालिकेंत या नांवाचा संत कधींच झाला नाहीं. रविवारची विश्रांति संपल्यावरही कामाकडे न फिरकणाऱ्या कारागिरांनीं आपल्या आळसास थट्टेनें दिलेलें तें सोंवळें नांव. परंतु संत थट्टेचा असला तरी त्याचे भक्त खरे होते, व सुमारें दोन शतकें त्यांनीं त्याची उपासना निष्ठेनें चालविली. फ्रान्स, जर्मनी व दूरच्या मेक्सिकोंतही या संप्रदायाच्या शाखा होत्या.

या भक्तांत जोडे शिवणारे अग्रेसर समजले जात. त्यांच्या मागोमाग विणकर, छापखान्यांतील कामगार, शेफील्डचे चाकूकात्र्या घडविणारे लोहार आणि बर्मिंगहॅमचे धातुकाम करणारे कारागीर येत. या बहुतेकांची मजुरी नगावर ठरे व ती शनिवारीं हातीं पडे. पुष्कळांचें काम घरीं किंवा लहानशा कारखान्यांत चाले, आणि हत्यारें त्यांचीं स्वतःचीं असत. आठवड्याअखेर माल पुरा करून दिला म्हणजे झालें. मधले दिवस कसे घालविले हें विचारणारा कोणी नसे. त्यामुळें सोमवार मौजेंत जाई, मंगळवार रेंगाळत सुरू होई, आणि गुरुवार-शुक्रवारीं मेणबत्तीच्या उजेडांत रात्र रात्र हात चालत. इ. पी. टॉम्प्सन या इतिहासकारानें १९६७ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत दाखविलें आहे कीं, जेथें जेथें माणसाचें काम त्याच्या स्वतःच्या ताब्यांत होतें, तेथें तेथें कष्टाचा सपाटा आणि आळस यांची अशीच आळीपाळी दिसून येते.

उत्सवाचें मुख्य देऊळ म्हणजे गुत्ता. बीअरचे पेले, कोंबड्यांच्या झुंजी व मुष्टियुद्धें हा प्रारंभींचा पूजाविधि. पुढें एकोणिसाव्या शतकांत त्यास सौम्य रूप आलें. आगगाडीच्या सहली निघूं लागल्या, उद्यानांत कुटुंबें हिंडूं लागलीं, नाटकगृहें सोमवारीं रात्रीं भरूं लागलीं. बर्मिंगहॅमविषयीं डग्लस रीड यांनीं १९७६ सालीं जें संशोधन प्रसिद्ध केलें, त्यावरून तेथील कारागिरांचीं लग्नेंसुद्धां पुष्कळदां सोमवारींच लागत असें दिसतें. ज्या दिवशीं माणूस लग्न करतो, तो दिवस त्यानें केवळ दारूसाठीं राखून ठेवला होता असें म्हणतां येणार नाहीं.

या संप्रदायाचे निंदकही पुष्कळ होते. बेंजामिन फ्रँकलिन हा १७२४ ते १७२६ या काळांत लंडनच्या छापखान्यांत काम करीत असे. तेथें आपण संत सोमवार कधीं पाळला नाहीं व म्हणून मालकाची मर्जी संपादिली, असें त्यानें आत्मचरित्रांत समाधानानें नमूद केलें आहे. फ्रँकलिनच्या मर्जीची गोष्ट बाजूस ठेवली तरी एक आक्षेप मात्र गंभीर आहे. इंग्रज घरांत सोमवार हा धुण्याचा दिवस असे. नवरा संताच्या भजनीं लागलेला असतां बायको उकळत्या पाण्याच्या हंड्यापाशीं उभी असे. शेफील्डच्या लोहारांच्या एका जुन्या गाण्यांत अशा नवऱ्यास फाटक्या वस्त्रांतली बायको फैलावर घेते. गुत्त्यांत गेलेला पैसा तिच्या संसारांतून जाई, आणि शुक्रवारच्या जागरणांत तिला व मुलांनाही हात लावावा लागे. तिच्या वांट्यास मात्र असा एकही संत आला नाहीं.

अखेर या संताचा पाडाव उपदेशकांनीं केला नाहीं; तो यंत्रानें केला. जोशाया वेजवुड यानें १७६९ सालीं एट्रुरिया येथें मातीच्या भांड्यांचा मोठा कारखाना काढला, व घंटा आणि हजेरी यांच्या साह्यानें कामगारांस वेळेची शिस्त लावण्याचा यत्न केला. तथापि खरा बदल वाफेचें इंजिन सर्वत्र पसरल्यावर झाला. इंजिन एकदां पेटलें कीं त्याच्याभोंवतीं सर्वांनीं एकाच वेळीं हजर राहणें प्राप्त होतें. त्यांतच शनिवारीं दुपारीं अर्ध्या दिवसाची सुट्टी देऊन त्या बदल्यांत सोमवारचा पुरा दिवस घ्यावा, असा तोडगा निघाला. १८७१ सालीं सर जॉन लबक यांच्या खटपटीनें बँकांच्या सुट्ट्यांचा कायदा झाला. त्यानें इंग्लंडास दिलेल्या चार सुट्ट्यांपैकीं तीन सोमवारींच येत! लोकांनीं लबकलाही विनोदानें संत करून टाकलें. पण या सुट्ट्यांत आणि जुन्या सोमवारांत मोठें अंतर होतें. ह्या वर्षांतून मोजक्या दिवशीं मिळत व कायद्यानें मिळत. तो आठवड्याच्या आठवड्याला, कोणास न विचारतां घेतला जाई.

हें अंतर समजण्यास मुंबईचें उदाहरण उपयोगी पडेल. आपल्या कित्येक गांवांत सोमवारीं बैलांच्या मानेवर जूं ठेवीत नसत. गवंडी-सुतार अमावास्येस हत्यार धरीत नसत. हींही सरकारी मंजुरीवांचून चालत आलेलीं विश्रांतीचीं साधनें होतीं. त्याच गांवांतील माणूस गिरणींत आला तेव्हां चात्या मालकाच्या, इंजिन मालकाचें, आणि म्हणून दिवसही मालकाचे झाले. जी विश्रांति गांवीं बैलास न मागतां मिळे, तिच्यासाठीं येथें माणसास अर्ज करावे लागले. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ पासून सभा भरवून व हजारों कामगारांच्या सह्या गोळा करून ही मागणी लावून धरली, तेव्हां १८९० सालीं रविवारची साप्ताहिक सुट्टी गिरणीमालकांनीं मान्य केली. आज आपण ज्या रविवारीं निवांतपणें मासिक वाचीत बसतों, तो रविवार असा कष्टानें मिळविलेला आहे.

दोहोंत श्रेष्ठ कोण? संत सोमवारांत स्वातंत्र्य होतें, परंतु तें ज्याच्या हातीं हत्यार त्याच्यापुरतें होतें, आणि त्याची किंमत पुष्कळदां दुसरेंच कोणी देई. लोखंड्यांचा रविवार नियमानें बांधलेला आहे, पण तो पुरुषांबरोबर गिरणींतील स्त्रियांसही मिळाला. म्हणून मला लोखंड्यांचा रविवार अधिक मोलाचा वाटतो. तरीसुद्धां त्या जुन्या कारागिरांची एक समजूत टाकून देण्याजोगी नाहीं. आपल्या आयुष्यांतील दिवस मुळांत आपले आहेत व त्यांतील कांहीं आपण कामास देतों, असें ते मानीत. आपल्यापैकीं बहुतेकांचा हिशेब आतां उलटा झाला आहे. दिवस कामाचे, आणि त्यांतून आपणांस कांहीं सुटून मिळतात. म्हणूनच त्यांस आपण सुट्टी म्हणतों.