परतले किती?

गरिबांच्या घरांचा प्रश्न निघाला, की आपण सरकारकडे बोट दाखवतो. विद्यार्थ्याचा त्यात काय संबंध, असं कोणी विचारील. त्याचं उत्तर लंडनच्या पूर्व भागात सापडतं.

तिथल्या व्हाइटचॅपल या दरिद्री वस्तीत सॅम्युअल बार्नेट हे पाद्री आणि त्यांच्या पत्नी हेन्रिएटा यांनी १८८४ साली 'टॉयन्बी हॉल' काढला. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या तरुणांनी दान वाटून परत जाऊ नये, शेजारी म्हणून राहावं, अशी त्यांची कल्पना. हे तरुण रात्रीचे वर्ग चालवीत, लोकांची गाऱ्हाणी ऐकत. चार्ल्स बूथ यांनी लंडनच्या दारिद्र्याची जी प्रचंड पाहणी केली, तिलाही या मंडळींचा हातभार लागला.

शेजारी राहिल्याशिवाय काय दिसत नाही, ते पाहा. जवळच 'ओल्ड निकल' नावाची गलिच्छ वस्ती होती. लंडन कौंटी कौन्सिलने ती पाडून हवेशीर इमारती उठवल्या. १९०० साली युवराजांच्या हस्ते उद्घाटन झालं. उठवलेली माणसं सुमारे ५,७००. नव्या घरांत त्यांतली परतली किती? अवघी ११! घरं चांगली होती; भाडं झेपणारं नव्हतं. बाकीची आसपासच्या गल्ल्यांत दाटीने शिरली.

असे धडे पुस्तकात मिळत नाहीत. विल्यम बेव्हरिज १९०३ साली टॉयन्बी हॉलमध्ये आले. त्यांच्या १९४२च्या अहवालात समाजाच्या पाच शत्रूंमध्ये गलिच्छ राहणीचं नाव आहे. क्लेमंट ॲटली १९०९-१०मध्ये तिथे सचिव होते. १९४५ साली ते पंतप्रधान झाले.

ही कल्पना आपल्या मुंबईतही आली. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी नागपाड्यात 'नेबरहूड हाउस' उघडलं, आणि १९३६ साली समाजकार्याचं शिक्षण देणारी टाटांची संस्था तिथेच सुरू झाली. पुस्तक आणि वस्ती अशी एका छपराखाली आली.

माझ्या वर्गातल्या मुलांना मी एवढंच सांगतो : मोर्चा काढा, निवेदन द्या, पण आधी वही घेऊन चाळीचा जिना चढा. खोलीत माणसं किती, भाडं किती, पगार किती, ते विचारा. घरं किती बांधली, हा आकडा सरकार देतंच. उठवलेल्यांपैकी परतले किती, हा आकडा मात्र कोणीतरी दारोदार फिरूनच काढावा लागतो.